चेक वटला नाही तर

भगिनींनो, मी वकील नव्हे. सातवी शिकलेली गृहिणी. पण दिवाळीच्या फराळाचे १८,००० रुपये एका दुकानदाराने चेकने दिले, आणि शिल्लक अपुरी म्हणून चेक वटला नाही, तेव्हा कायदा समजून घेणे भागच पडले. दुकानदार म्हणे, "वहिनी, पुढच्या महिन्यात नक्की!" असले गोड बोलणे ऐकता ऐकताच मुदत निघून जाते.

१८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात (नाव तरी केवढे!) १३८ वे कलम १९८९ पासून लागू आहे. बँकेने चेक परत आल्याचे कळवले की ३० दिवसांत लेखी नोटीस देऊन चेकची रक्कम मागायची. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस असतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात मॅजिस्ट्रेटपुढे फिर्याद. दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. खऱ्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस मुद्दाम नाकारली, तरी ती पोचली असेच सहसा धरतात. मात्र देणे खरे हवे. देणगीच्या चेकला हे कलम नाही. म्हणून मालाच्या वहीत मी दर खेपेला सही घेते.

माझी नोटीस गेली. चौदाव्या दिवशी दुकानदार स्वतः पैसे घेऊन दारात! चहा मी दिला, पण पैसे मोजून घेतल्यावर.