हुकूमशाही कोणत्या दाराने येते?

हेब्बाळच्या तळ्याकडून बंगळूर शहराच्या मध्यभागी आले, की शेषाद्री मार्गावर ‘फ्रीडम पार्क’ नावाचे उद्यान लागते. पूर्वी तेथे मध्यवर्ती तुरुंग होता. २६ जून १९७५ रोजी संसदेचे चार सदस्य बंगळुरात पकडले जाऊन या तुरुंगात आले : अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि राजापूरचे खासदार मधु दंडवते. संसदेच्याच एका समितीच्या कामासाठी ते त्या शहरी उतरले होते. कायदे करणारे कायद्याच्याच आधारे गजाआड गेले.

हुकूमशहा म्हटला, की रणगाडे आणि मध्यरात्रीचा लष्करी उठाव आपल्या डोळ्यांपुढे येतो. परंतु डळमळीत लोकशाहीत तो पुष्कळदा उघड्या दाराने येतो. जर्मनीचेच उदाहरण घ्यावे. १९३२ च्या प्रारंभी तेथे सुमारे ६० लक्ष माणसे बेकार होती. संसदेत बहुमत जुळेना, म्हणून राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाचा आधार घेऊन राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या वटहुकुमांवर कारभार चाले. अपवाद हाच रिवाज होऊन बसला होता. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाची मते घटून ३३ टक्क्यांवर आली होती. तरीही ३० जानेवारी १९३३ रोजी हिंडेनबुर्ग यांनी त्याला चॅन्सेलर नेमले. त्याला आपण सहज मुठीत ठेवू, असा पापेन प्रभृती मुत्सद्द्यांचा हिशेब होता. महिन्याभरात संसदभवनास आग लागली. दुसऱ्याच दिवशी नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित झाले. २३ मार्च रोजी ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संसदेने कायदे करण्याचा आपला अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाच्या हवाली केला. किल्ली ज्यांच्या कमरेला होती, त्यांनीच दार उघडून दिले.

भारत म्हणजे जर्मनी नव्हे, आणि १९७५ ची आणीबाणी म्हणजे नाझी राजवट नव्हे. तरी दार त्याच जातीचे होते. महागाई, १९७४ चा रेल्वे संप, गुजरात व बिहारमधील आंदोलने यांनी देश अस्वस्थ होता. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द ठरविली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी ३५२ व्या कलमान्वये, अंतर्गत अशांततेचे कारण देऊन, आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ही वार्ता कळली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या बैठकीत एकाही मंत्र्याने राजीनामा दिला नाही.

स्थानबद्धांनी उच्च न्यायालयांकडे धाव घेतली. अशा अर्जांची सुनावणी होऊ शकते, असे नऊ उच्च न्यायालयांनी मानले. परंतु आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी दिला. त्या चौघांत पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड होते. विरुद्ध मत एकट्या हंसराज खन्ना यांचे. जानेवारी १९७७ मध्ये खन्ना यांची ज्येष्ठता डावलून मिर्झा हमीदुल्ला बेग यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले, तेव्हा खन्ना यांनी राजीनामा दिला.

नकार देता येत होता, याची साक्ष मराठी भूमीतही आहे. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दुर्गाबाई भागवत यांच्याकडे होते, आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्याच व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थनेचे आवाहन केले आणि लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली. पुढे त्यांना कारावास घडला.

१९७७ च्या मार्च महिन्यात मतदारांनी सत्ता पालटली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र बंड’ असे घातले, आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला आवश्यक केला आणि जीविताचा हक्क स्थगितीच्या कक्षेबाहेर ठेवला. पुढे बंगळूरचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर निकाल देताना, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निर्णय चुकीचा ठरविला. तसे लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव होत.

राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजीच घटना समितीत दिला होता. भक्त मंत्री असो, न्यायाधीश असो वा मतदार असो, त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेलेली असते. कायदा पुढे सुधारता येतो. परंतु नकाराची वेळ टळून गेली, की तिची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते. बंगळूरच्या त्याच तुरुंगात अभिनेत्री स्नेहलता रेड्डी दम्याने जर्जर झाल्या. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची सुटका झाली आणि थोड्याच दिवसांत त्यांचा अंत झाला. न्यायालयाची दुरुस्ती त्यांच्यासाठी चाळीस वर्षे उशिरा आली.