अहवाल सभासदाच्या दारी : परवान्यांचा हिशेब



पुणे-मिरज लोहमार्गावरील माधवनगर हे सांगलीला लागून असलेले गाव. यंत्रमाग, सांगलीची हळदीची व बेदाण्याची बाजारपेठ आणि भोवतालच्या शिवारातील ऊस यांच्या आधारावर या परिसराचा व्यवहार उभा आहे. या व्यवहाराचा प्राण म्हणजे हिशेब. माल किती भरला, भाव काय लागला आणि रक्कम केव्हा जमा झाली, हे जाणण्याचा अधिकार माल देणाऱ्याचा आहे. १९६६ च्या ऊस (नियंत्रण) आदेशानुसार उसाची रक्कम १४ दिवसांच्या आत अदा करणे कारखान्यावर बंधनकारक आहे. परंतु हे १४ दिवस मोजावयाचे तर वजनाची व तारखेची नोंद शेतकऱ्याच्या हाती असावयास हवी.

पूर्वी ही नोंद वहीत आणि पावतीवर असे. आज ती संगणकात असते व तिचे आलेख कचेरीत बसून पाहता येतात. तेच अहवाल सभासद, अडते किंवा कापडाचे ग्राहक यांना संस्थेच्या संकेतस्थळावर दाखवावयाचे ठरले की एक नवा प्रश्न उभा राहतो. तो म्हणजे परवान्याचा. कचेरीतील पाच कर्मचाऱ्यांसाठी घेतलेली व्यवस्था बाहेरील पाच हजार वाचकांना आपोआप लागू होत नाही.

माणशी परवाना की क्षमतेचे भाडे?

सर्वत्र प्रचलित असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘पॉवर बीआय’ या प्रणालीचे उदाहरण घेता येईल. तिचा पहिला मार्ग माणशी परवान्याचा. ‘प्रो’ परवान्याचा मूळ दर एप्रिल २०२५ पासून दरमहा दरडोई १४ डॉलर झाला. पूर्वी तो १० डॉलर होता. या पद्धतीत अहवाल देणाऱ्याप्रमाणेच तो पाहणाऱ्यालाही परवाना लागतो. बाहेरच्या व्यक्तीला ‘पाहुणा’ म्हणून प्रवेश देता येतो. मात्र त्याचा परवाना यजमान संस्थेने द्यावा लागतो किंवा पाहुण्याकडे तो स्वतःचा असावा लागतो. तीस अडत्यांसाठी महिना ४२० डॉलर हा खर्च एखाद्या संस्थेला पेलेल; तीन हजार सभासदांसाठी तोच ४२ हजार डॉलर होतो. तो कोणत्याही सहकारी संस्थेच्या आवाक्याबाहेरचा आहे.

दुसरा मार्ग क्षमतेच्या भाड्याचा. येथे माणसे न मोजता संगणकीय शक्ती भाड्याने घेतली जाते. ‘एफ ६४’ किंवा त्याहून मोठी क्षमता घेतल्यास केवळ अहवाल पाहणाऱ्यांना सशुल्क परवाना लागत नाही; अहवाल तयार करून प्रसिद्ध करणाऱ्यांना मात्र तो लागतोच. अमेरिकेतील दरपत्रकानुसार वर्षभराच्या आरक्षणात या क्षमतेचे भाडे महिना सुमारे ५ हजार डॉलर पडते. म्हणजे वाचक साडेतीनशेच्या पुढे गेले की माणशी परवान्यापेक्षा हा मार्ग स्वस्त ठरू लागतो.

तिसरा मार्ग अहवाल संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळात बसविण्याचा. यात सभासदाला पॉवर बीआयचे खाते लागत नाही. तो संस्थेच्या संकेतस्थळावर आपल्या सभासद क्रमांकाने प्रवेश करतो आणि अहवाल मागविण्याचे काम संस्थेची प्रणाली करते. यासाठी लहान क्षमताही चालते व गरज नसेल तेव्हा ती थांबवून खर्च वाचविता येतो. गळीत हंगामापुरती वर्दळ असणाऱ्या संस्थांना ही सोय विशेष उपयोगाची आहे. मात्र असे संकेतस्थळ उभारणारा व सांभाळणारा जाणकार माणूस संस्थेपाशी हवा.

याखेरीज ‘अपाचे सुपरसेट’ व ‘मेटाबेस’ यांसारख्या मुक्त प्रणालीही उपलब्ध आहेत. त्यांच्या मूळ आवृत्तीस परवाना शुल्क नाही. परंतु यंत्र, देखभाल आणि मनुष्यबळ यांचा खर्च संस्थेलाच सोसावा लागतो.

फुकटाचा धोका

‘वेबवर प्रसिद्ध करा’ ही एक विनाशुल्क सोयही पॉवर बीआयमध्ये आहे. तिचा मोह अनेकांना पडतो. परंतु अशा रीतीने प्रसिद्ध झालेला अहवाल जगातील कोणालाही पाहता येतो. बाजारभाव किंवा एकूण आवक यांसाठी ती योग्य आहे. सभासदाच्या नावानिशी असलेल्या रकमांसाठी ती सर्वथा अयोग्य होय.

परवाना विकत घेतला म्हणजे गुप्तता आली, असेही नाही. प्रत्येकाला केवळ स्वतःच्याच ओळी दिसाव्यात, यासाठी अहवालात ओळनिहाय संरक्षणाचे नियम स्वतंत्रपणे घालावे लागतात. ते नसतील तर शेजाऱ्याच्या उसाचे वजन आणि उचल चव्हाट्यावर येईल. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला असून नागरिकाची माहिती सांभाळण्याची जबाबदारी त्याने ती बाळगणाऱ्यावर टाकली आहे.

निर्णयापूर्वी

म्हणून संचालक मंडळाने प्रथम चार गोष्टी कागदावर मांडाव्यात : वाचक किती, ते वर्षातून किती महिने अहवाल पाहणार, माहिती सार्वजनिक की व्यक्तिगत, आणि प्रणाली सांभाळणार कोण. त्यानंतर चालू दरपत्रक रुपयांत व करासह मागवून तिन्ही मार्गांची वर्षाची बेरीज करावी. पन्नास वाचकांवर प्रयोग करून पाहावा. हंगाम सुरू होण्यापूर्वी त्यातील उणिवा दूर कराव्यात.

सहकारातील पैसा सभासदाच्या घामाचा आहे. म्हणून परवान्यावर एक रुपयाही अनाठायी जाऊ नये. परंतु खर्चाच्या भीतीने हिशेब कचेरीतच कोंडून ठेवणे हेही सभासदावर अन्याय करणारेच आहे. ज्याचा ऊस, ज्याची हळद, ज्याचे कापड, त्याला त्याचा हिशेब वेळेवर आणि सुरक्षितपणे दिसला, तरच या नव्या साधनांचे सार्थक झाले असे म्हणता येईल.