काळ्या थेंबाखालची कॅसेट



संयोजकांनी माझा विषय 'व्हिडिओ गेमची चोरी' असा सांगितला. खरं आहे. पण निपाणीत वाढलेल्या आम्हा पोरांना यात चोरी आहे हे ठाऊकच नव्हतं. खेळाच्या कार्ट्रिजला आम्ही 'कॅसेट' म्हणायचो. मे महिन्यात बेळगावला मामाकडे जायचं, मामेभावाची कॅसेट मागून आणायची, आणि घरी पोचावं तर लाइट गेलेली!

ही कॅसेट ज्यात घालायची त्या यंत्राचा मूळ नमुना म्हणजे निन्टेंडो कंपनीचा फॅमिकॉम; तो जपानात 15 जुलै 1983 रोजी आला. कॅसेट अस्सल की नकली हे तपासणारी चिप त्यात नव्हती. 1985 साली अमेरिकेसाठी काढलेल्या यंत्रात ती बसवली. फॅमिकॉमच्या नकला मात्र जगभर पसरल्या, आणि 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांनी आपल्याकडच्या टीव्हीला येऊन जोडल्या गेल्या.

आमची कॅसेट मी एकदा उघडली. आत छोटीशी पट्टी, तिच्यावर डांबरासारखा काळा थेंब, आणि चिप त्या थेंबाखाली. बाहेर '99 इन 1' छापलेलं. खरे खेळ मोजकेच. बाकी तेच मारिओ नि तेच कॉन्ट्रा, पुढच्या लेव्हलपासून सुरू करून नवं नाव दिलेले. पहिल्या पडद्यावरचं कंपनीचं नाव बऱ्याचदा पुसलेलं.

आता हे जुने खेळ जपायचे म्हटले, तर जतन नेमकं कशाचं करायचं? 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा मूळ खेळ अवघा 40 किलोबाइटचा. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. त्यावर तो आज कुठल्याही मोबाइलवर चालतो. तो हरवणार नाही. हरवेल ती ही भेसळीची कॅसेट, आणि आम्ही खेळलो ते तिच्यावर.

जुन्या पोथ्यांचंच बघा. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती हाती आलेल्या नकला ताडून. नकलनविसाची चूकसुद्धा पोथी कुठल्या वाटेने आली ते सांगते. कुठे ज्ञानेश्वरी आणि कुठे कॉन्ट्रा, असं कुणाला वाटेल. वाटू द्या. पुसलेलं नाव आणि फुगवलेली यादी हेही पाठभेदच आहेत.

यातून चोरी धुऊन निघत नाही; खेळ रचणाऱ्यांच्या हाती आमच्याकडून छदामही गेला नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 प्रोग्रॅमची राखीव प्रत करू देतं, पण कायदेशीर ताबा असणाऱ्याला. आमच्याकडे ताबा तेवढा होता.

तेव्हा माळ्यावर कॅसेट सापडली तर भंगारात घालू नका. काळा थेंब फोडू नका, चिप जाईल. आतला मजकूर कडेच्या धातूच्या पट्ट्यांवरून वाचता येतो. आणि कॅसेट चालत नसली तर कृपा करून तिच्यात फुंकर मारू नका. कॅसेट चालायची ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. तोंडाच्या वाफेने पट्ट्या उलट गंजतात. हे मला चाळिशीत कळलं, तोवर मामेभावाच्या निम्म्या कॅसेटी मी फुंकून ठेवल्या होत्या.