बार्बरा हेपवर्थ: दगडाच्या आरपार



बार्बरा हेपवर्थ या इंग्रज शिल्पकर्तीचं नाव निघालं की पाठोपाठ हेन्री मूरचं नाव येतंच. दोघंही यॉर्कशायरची, दोघंही आधी लीड्सला आणि मग लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेली. पण तिला मूरच्या सावलीत उभं करणं हा तिच्यावर अन्याय आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

तिचा जन्म १९०३ सालचा, वेकफिल्डचा. त्या काळी पुष्कळ शिल्पकार मातीत नमुना करत आणि दगडातलं काम कारागिरावर सोपवत. बार्बरा इटलीत गेली, संगमरवर कोरायला तिथल्या कसबी कारागिराकडून शिकली आणि छिन्नी स्वतःच्या हाती घेतली. दगड जसा बोलेल तसा घाट द्यायचा. मग तिशीच्या आसपास तिने अलाबास्टरच्या एका शिल्पाला चक्क आरपार भोक पाडलं. शिल्प म्हणजे भरीव वस्तू, हा समज तिथे मोडला. उजेड आत शिरला, पलीकडचं दिसू लागलं, पोकळीलाही आकार आला. मूळ शिल्प महायुद्धात नष्ट झालं. ती पोकळी मात्र पुढे जन्मभर तिच्या कामात राहिली. कधी आतून निळा रंग देऊन, कधी तिच्यावर तारा ताणून.

१९३४ साली तिला तिळी झाली. पहिला मुलगा पॉल होताच. युद्ध सुरू होताना ती कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, सेंट आइव्हजजवळ आली. दिवस मुलांचा आणि घरकामाचा. कोरायला ना वेळ, ना जागा. म्हणून रात्री चित्रं काढायची. ही चिकाटी मला तिच्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा मोठी वाटते. चित्रकार बेन निकल्सनशी झालेला संसार पुढे मोडला. १९५३ साली वैमानिक पॉल विमान अपघातात गेला. त्याच्या स्मरणार्थ तिने घडवलेली माता-बालकाची मूर्ती सेंट आइव्हजच्या चर्चमध्ये आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस दाग हामरशोल्ड यांच्या संग्रही तिचं एक चंदनी शिल्प होतं. १९६१ साली तेही विमान अपघातात गेले. त्यांच्या स्मरणार्थ तिने केलेलं ‘सिंगल फॉर्म’ १९६४ पासून न्यूयॉर्कला, राष्ट्रसंघाच्या इमारतीसमोर आहे. एकवीस फूट उंच ब्राँझ, आणि त्यातही गोल भोक.

१९७५ साली सेंट आइव्हजमधल्या तिच्या कार्यशाळेला लागलेल्या आगीत तिचा अंत झाला. पुढच्याच वर्षी ती वास्तू संग्रहालय म्हणून खुली झाली. कधी तिकडे जाणं झालं, तर बागेतली शिल्पं एका जागी उभं राहून पाहू नका; भोवती फिरा.