औषधाचा साठा आणि कोलू पाटलांचा बांध
(स्वागताध्यक्षीय भाषण)



वैनगंगा आणि बाघनदीच्या खोऱ्यात, धानाच्या या कोठारात, गोंदियाकर सर्व प्रतिनिधींचे मनःपूर्वक स्वागत करीत आहेत. पशुवैद्यकीय दवाखान्यांतील औषधसेवा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयावरची परिषद पुण्याला किंवा नागपूरला भरली असती, तर कुणालाच नवल वाटले नसते. ती महाराष्ट्राच्या पूर्व टोकावर भरते आहे, आणि गेले काही महिने या शहरात चहाच्या टपरीपासून भातगिरणीपर्यंत हाच विषय आहे.

गोंदिया जिल्हा तसा तरुण. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून तो वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे त्याचे आठ तालुके. जिल्ह्याचे वय कमी असले तरी मातीचे वय फार मोठे आहे. आमगावजवळचे पदमपूर हेच संस्कृत नाटककार भवभूतीचे पद्मपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले, आणि आमगावच्या महाविद्यालयाने अभिमानाने भवभूतीचेच नाव धारण केले. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहांकडे दर माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड बांधव येतात. मुंबई-हावडा मार्गावरच्या इथल्या जंक्शनने तांदूळ, विडी आणि माणसे देशभर पोचवली. जबलपूरकडे जाणारी नॅरोगेजची छोटी गाडी आता इतिहासजमा झाली, तरी तिच्या आठवणी इथल्या घराघरात आहेत. आणि महाराष्ट्रात सारस पक्षी अजून जोडीने शेतात उतरताना पाहायचा असेल, तर मुख्यतः गोंदियाच्या धानाच्या बांध्यांकडे यावे लागते.

शिक्षणाच्या बाबतीत मनोहरभाई पटेल यांचे नाव घेतल्याशिवाय इथला कोणताही समारंभ सुरू होत नाही. नडियादहून आलेल्या, स्वतः फार न शिकलेल्या या विडी उद्योजकाने १९५८ मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी उभी केली. त्या संस्थेच्या परिवारात आज औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालयही आहे, आणि परिषदेच्या स्वयंसेवकांत तरुण औषधनिर्माते मोठ्या संख्येने दिसतील.

पण या व्यासपीठावरून एका विस्मृतीत गेलेल्या माणसाला वंदन केल्याशिवाय पुढे जाणे स्वागत समितीला योग्य वाटत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगाव बांध पुष्कळांनी पाहिला असेल. तो बांधणारे कोलू पाटील कोहळी मात्र फार थोड्यांना ठाऊक आहेत.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, हाताशी ना नकाशा ना मोजणीची यंत्रे, अशा काळात कोलू पाटलांनी डोंगरांच्या कुशीत पाणी अडवले, असे परंपरा सांगते. भोवतालच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. या बहिणींनीच कोलूला बांध घालायला मदत केली, असे जुनी माणसे सांगत. तलाव इतका विशाल झाला की पुढे लोकांनी त्याच्या निर्मात्यालाच देव केले. कोलासूर देव या नावाने त्यांचे ठाणे तिथल्या एका टेकडीवर आहे. अभियंत्याला देवपण देणारे गाव महाराष्ट्रात दुसरे असेल, असे वाटत नाही.

कोहळी समाज चांद्याच्या गोंड राजाबरोबर काशीहून आला, अशी पिढ्यानपिढ्यांची कथा आहे. ती खरी असो वा नसो, उतार ओळखणे, पाळ घालणे, सांडवा काढणे, पाट नेणे ही विद्या या समाजाच्या हातात होती, यात शंका नाही. गावोगावच्या बोड्या आणि तलाव त्याची साक्ष देतात. मालगुजारी गेली आणि माजी मालगुजारी तलावांचे मामा तलाव झाले. त्यांतले कित्येक गाळाने भरले, कित्येकांवर अतिक्रमण झाले. नवेगावचा बांध मात्र अजून भरतो. वनाधिकारी मारुती चितमपल्ली इथे राहिले आणि या पाण्याने, इथल्या पाखरांनी त्यांच्या गद्याला श्वास दिला. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार हे या रानाचे आणि तलावातल्या माशांचे जाणकार होते, आणि त्यांच्यासारख्या माणसांचे ज्ञान चितमपल्लींच्या लेखनातून मराठी वाचकांपर्यंत पोचले. १९७५ मध्ये नवेगावला राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. या सगळ्याच्या मुळाशी एका पाटलाने घातलेली पाळ आहे. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी तिथे सहल ठेवली आहे. कामाच्या गडबडीत कुणी ती चुकवू नये, ही कळकळीची विनंती.

कोलू पाटलांचा आजच्या विषयाशी संबंध काय, असे कुणी विचारील. पाऊस चार महिन्यांचा, गरज बारा महिन्यांची, म्हणून पाणी केव्हा साठवायचे आणि कोणत्या बांधीला केव्हा सोडायचे, हे त्यांना आधी ठरवावे लागले. दवाखान्याच्या औषध कपाटाचे गणितही असेच आहे. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचायची असते. ती ऑगस्टमध्ये पोचली तर गोठ्याला तिचा उपयोग नाही. शेळ्यांच्या आंत्रविषाराचेही तेच. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिल्या पाहिजेत, आणि देवरी-सालेकसाकडच्या एखाद्या दवाखान्यात रात्रभर वीज गेली तर सकाळी कुणाला कळतही नाही की फ्रीजमधला साठा कामातून गेला.

आजही बहुतेक ठिकाणी साठ्याची नोंदवही हाताने भरली जाते. मागणीपत्र गेल्या वर्षीच्या आकड्यावरून लिहिले जाते. त्यामुळे एका दवाखान्यात जंतनाशकाच्या बाटल्यांची मुदत संपते आणि शेजारच्या तालुक्यात तेच औषध गोपालकाला खासगी दुकानातून विकत आणावे लागते.

हे बदलण्यासाठी लागणारे बरेचसे सामान देशात आधीच तयार आहे. बेंगळुरूची निवेदी ही संस्था पशुरोगांचा जिल्हावार अंदाज दोन महिने आधी देते आणि त्यासाठी यंत्रशिक्षणाच्या पद्धती वापरते. जनावरांच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला आहे आणि भारत पशुधन प्रणालीत त्याची नोंद होते. १९६२ या क्रमांकावर फिरता दवाखाना येतो. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने पशु औषधी या नावाने स्वस्त जेनेरिक पशुऔषधांसाठी ७५ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्राने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण स्वीकारले. रोगाचा अंदाज, जनावरांची संख्या, मागचा खप आणि बाटलीवरची मुदत एकत्र वाचून कोणत्या दवाखान्याला कोणते औषध किती आणि केव्हा लागेल, हे सांगणारा दुवा मात्र तुटलेला आहे. तो जोडणे हे या परिषदेचे काम आहे, अशी स्वागत समितीची ठाम समजूत आहे.

साठ्याइतकेच महत्त्व सुरक्षिततेला आहे. माणसाला चालणारे पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते. कोली जातीच्या काही कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन घातक ठरते. औषध देताना जात, वजन आणि गाभणपण तपासून धोक्याची सूचना देणारी प्रणाली इथे खरी उपयोगी. दूधउत्पादकांसाठी आणखी एक गोष्ट आहे. औषध दिल्यावर दूध किती दिवस विकू नये, हे वेष्टनावर छापण्याचे बंधन २०१२ पासून आहे, आणि तिथे काही दिले नसेल तर दुधासाठी किमान ७ आणि मांसासाठी किमान २८ दिवस पाळायचे असतात. हे दिवस मोजून गोपालकाच्या मोबाइलवर मराठीत, गोंडीत किंवा पोवारीत सांगणे यंत्राला अवघड नाही.

डायक्लोफिनॅकची हकीकत तर जंगलाजवळ राहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. गुरांना दिलेले हे वेदनाशामक मृत जनावरातून गिधाडांच्या पोटात गेले आणि भारतातली गिधाडे जवळजवळ संपली. २००६ मध्ये पशुवापरासाठी त्यावर बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये बाटलीचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. २०२३ मध्ये अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनही पशुवापरातून गेले. अशी यादी दर काही वर्षांनी बदलते. ती प्रत्येक दवाखान्याच्या संगणकात त्याच दिवशी बदलली पाहिजे. मात्र मात्रा सुचवणारे यंत्र आत्मविश्वासाने चूकही सांगू शकते, म्हणून चिठ्ठीवरची अखेरची सही पशुवैद्यकाचीच असावी, यावर स्वागत समितीत एकमत आहे.

आता व्यवस्थेविषयी. गोंदिया मोठ्या शहरांसारखे हॉटेलांचे गाव नाही. काही प्रतिनिधींची सोय मंगल कार्यालयांत आणि काहींची नागरिकांच्या घरी करावी लागली आहे. ज्येष्ठांना पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून तळमजल्याच्या खोल्या राखून ठेवल्या आहेत, तरी कुणाची गैरसोय झाली असेल तर समिती मनापासून क्षमा मागते. मध्यरात्रीनंतरच्या गाड्यांनी येणाऱ्यांसाठी फलाटाबाहेर स्वयंसेवक उभे आहेत. कुणी चुकून एकटे राहिले असेल तर तोही समितीचाच दोष. सभागृहात वीज गेल्यास जनित्राची व्यवस्था आहे. डासांचा त्रास होईल, त्यासाठी मच्छरदाण्या दिल्या आहेत. जेवणात चिन्नोरचा भात आहे. शेजारच्या बालाघाट आणि भंडारा या दोन्ही जिल्ह्यांच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्याचा सुगंध गोंदियाच्या स्वयंपाकघरातही तितकाच परिचित आहे. वडाभात तिखट लागल्यास वाढप्यांना सांगावे, वेगळे ताट लगेच मिळेल.

ऋणनिर्देश लांबला तर सभेने सांभाळून घ्यावे. भातगिरणीमालकांनी तांदूळ दिला आणि गोदामे निवासासाठी रिकामी केली. औषधविक्रेत्यांनी प्रदर्शनाचा खर्च उचलला. दूध उत्पादकांनी तिन्ही दिवसांचे दूध, दही, ताक मोफत पाठवले आहे. बचत गटांच्या भगिनी पहाटे चारपासून चुलीपुढे आहेत. शाळांनी बाके दिली, ऑटोचालकांनी प्रतिनिधींकडून भाडे न घेण्याचे ठरवले, दंडारीच्या कलावंतांनी संध्याकाळचा कार्यक्रम मानधनाशिवाय स्वीकारला. जिल्हा परिषदेच्या आणि राज्याच्या पशुसंवर्धन खात्याच्या कर्मचाऱ्यांनी नेहमीचे काम सांभाळून नोंदणीचा भार पेलला. नाव न सांगण्याच्या अटीवर मोठी देणगी देणाऱ्या दात्यांचा मान राखून त्यांचे इथूनच आभार.

शेवटी एकच मागणी आहे. परिषदेच्या ठरावांत जो पथदर्शी प्रकल्प सुचवला जाईल, तो मोठ्या शहरातल्या सुसज्ज चिकित्सालयात सुरू करू नये. तो देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या एका छोट्या दवाखान्यापासून सुरू व्हावा, आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी तिथले औषध कपाट या पद्धतीने भरलेले असावे. त्यासाठी लागणारी जागा, माणसे आणि संगणक गोंदियाकर देतील.