तारेतलं घड्याळ

(वसंत व्याख्यानमालेत कॉटन ग्रीन इथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



हार्बरचे रूळ इथून जवळच आहेत. 3 फेब्रुवारी 1925 रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला याच मार्गाने गेली. कुलाब्याचा कापूसबाजारही पुढे इकडे आला आणि वस्तीला नाव देऊन गेला. मुंबईत टेलिफोन एक्सचेंज तर 1882 सालीच सुरू झालं होतं. कापसाचा भाव कळवायचा असो की गाडीला वाट द्यायची असो, काम तारेवर चालायचं. त्या तारेचं पुढे काय झालं, ते आज सांगायचं आहे.

टेलिफोन डिजिटल झाला तेव्हा आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजला जाऊ लागला आणि प्रत्येक मोजणीला 8 बिट मिळाले. म्हणजे एका बोलण्याला सेकंदाला 64 हजार बिट. अशा 32 वाटा एकत्र आल्या की होते ई-वन लाइन: 30 वाटा बोलण्यासाठी, एक मेळ राखायला, एक सिग्नलिंगला. दर 125 मायक्रोसेकंदांनी प्रत्येकाची पाळी येते; सगळ्यांच्या पाळ्यांची अशी एक फेरी म्हणजे एक फ्रेम. तुम्ही बोला किंवा गप्प राहा, जागा तुमचीच.

पॅकेटच्या जाळ्यात अशी राखीव जागा नसते. सांगायला काही असलं की पॅकेट निघतं आणि वाट मोकळी असेल तसं पोचतं. ते स्वस्त पडतं, म्हणून कंपन्या तिकडे वळल्या. पण कचेऱ्यांमधली ईपीएबीएक्स यंत्रं, टू-जीचे टॉवर, जुनी नियंत्रणयंत्रणा यांना ई-वनच समजते. सगळं एका दिवसात बदलता येत नाही.

त्यावरचा उपाय म्हणजे स्यूडोवायर. दोन्ही टोकांना एकेक पेटी बसते. एक पेटी ई-वनचा प्रवाह कापून पॅकेटांत भरते, दुसरी तो पुन्हा सलग करून देते. मधली तार गेली आहे याचा जुन्या यंत्रांना पत्ताही लागत नाही. 2006 साली सॅटॉप नावाचं मानक आलं. त्यात ई-वनसाठी एका पॅकेटमध्ये साधारणपणे 256 बाइट, म्हणजे एका मिलिसेकंदाचा माल भरतात. सेकंदाला हजार पॅकेटं, मध्यरात्री कुणी बोलत नसतानासुद्धा. पुढच्या वर्षीच्या मानकाने फक्त वापरातल्या वाटा पाठवायची सोय केली.

इथवर सोपं आहे. अडचण घड्याळाची आहे, आणि माझ्या मते या विषयाचा जीव तिथेच आहे.

जुनी तार बिटांबरोबर त्यांची गतीही पोचवत असे. त्याचं वेगळं बिल कधी आलं नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पॅकेट बिट आणतं, गती आणत नाही. दोन टोकांच्या घड्याळांत दहा लाखांत 50 भागांचा फरक असला, तर दर अडीच सेकंदांनी एक फ्रेम गळते किंवा दोनदा जाते. बोलण्यात त्याचा बारीक टक्क आवाज होतो, फॅक्सची मात्र ओळ बिघडते. टू-जीच्या टॉवरला तर आपली फ्रीक्वेन्सी दहा कोटींत 5 भागांच्या आत ठेवावी लागते, आणि अनेक टॉवर ती या ई-वनवरूनच घेतात. ती ढळली, तर धावत्या लोकलमधला फोन पुढच्या टॉवरकडे जाताना तुटू शकतो.

मग गती परत मिळवायची कशी? चाळीच्या गच्चीवरची टाकी आठवा. पाणी येतं कमीजास्त, पण खाली नळाची धार एकसारखी हवी. टाकीतली पातळी चढत राहिली तर नळ किंचित जास्त सोडायचा, उतरत राहिली तर आवळायचा. पलीकडची पेटी नेमकं हेच करते. पॅकेटं आधी साठवते आणि साठ्याची पातळी पाहून आपलं घड्याळ जुळवते. हरवलेल्या पॅकेटच्या जागी तेवढेच बिट भरते, म्हणजे मोजणी चुकत नाही. साठा मोठा ठेवला तर चढउतार पचतात, पण बोलणं उशिरा पोचतं आणि प्रतिध्वनी जाणवू लागतो.

ही युक्ती फसते ती गर्दीत. जाळं हळूहळू भरत गेलं की पॅकेटं उशिरा येऊ लागतात. पाठवणारंच घड्याळ मंदावलं, असं पेटीला वाटतं आणि ती आपलं घड्याळ मागे ओढते. म्हणून टॉवरसाठी केवळ साठ्यावर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे. सिंक्रोनस इथरनेट, 1588 क्रमांकाच्या मानकाने पाठवलेली वेळ किंवा जीपीएसचा अँटेना, यांपैकी एक आधार हवाच.

आपल्यापैकी कुणाच्या कचेरीत अशी लाइन बदलायची असेल, तर किती मेगाबिट मिळणार हे विचाराच, पण घड्याळ कुठून येणार हे आधी विचारा. आणि चाचणी दुपारच्या निवांत तासाभरात उरकू देऊ नका. संध्याकाळची गर्दी धरून पूर्ण चोवीस तास लाइन चालवा, गळलेल्या फ्रेमांची नोंद मागून घ्या आणि मगच सही करा.