तिची चोच लांब का?

आज एका इवल्याशा पाखराची माहिती सांगते. क्रिकेटमुळे वेस्ट इंडीजचं नाव आपल्या घरोघरी पोचलंय. तिथल्या डोमिनिका बेटावर, डोंगरातल्या दाट पावसाळी जंगलात हे पाखरू राहतं. जांभळ्या गळ्याचा हमिंगबर्ड. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या बाजूलाच असतात. आपल्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर, त्याचं कूळ वेगळं.

वजन जेमतेम दहा ग्रॅम. नर-मादीचा पेहराव एकसारखा: काळं अंग, चमकदार हिरवे पंख, जांभळट लाल गळा. फरक चोचीत. नर अंगानं मोठा, पण मादीची चोच त्याच्यापेक्षा लांब आणि विळ्यासारखी वाकडी.

कारण दोघांचं ताट वेगळं! त्या जंगलात हेलिकोनिया नावाची झाडं आहेत, केळीच्या नात्यातली. केळफुलाची लाल जाड पाकळी उचलली की खाली फुलांची ओळ दिसते ना, तशीच त्यांची रचना. एका जातीची फुलं आखूड, सरळ, आणि मध भरपूर. ती नर बळकावतो, पहारा करतो, येईल त्याला हुसकावतो. दुसऱ्या जातीची फुलं लांब, वाकडी. त्यांच्या तळाशी मादीचीच चोच नीट पोचते. मध पिता पिता ही पाखरं पराग इकडचे तिकडे नेतात, म्हणून झाडांनाही ती हवीच.

पण नुसत्या मधावर भागत नाही. ते शेवटी साखरपाणीच. चहावर दिवस काढू नका, असं अंगणवाडीताई सांगतात ते काय उगाच? अंगात बळ यायला हा पक्षी बारीक किडे आणि कोळी खातो. पिल्लांना तर ते लागतातच. घरटं बांधणं, दोन अंडी उबवणं, भरवणं, सगळं मादी एकटी करते. नर फिरकत नाही. (हसू नका गं!) कापसासारखे तंतू कोळ्याच्या जाळ्यानं बांधून ती वाटीएवढंही नाही असं घरटं करते.

सप्टेंबर 2017 मध्ये मारिया नावाचं चक्रीवादळ डोमिनिकावर आदळलं. डोंगरच्या डोंगर निष्पर्ण झाले. अशा वेळी वाऱ्यातून वाचलेल्या पाखराला पुढे उपासमार गाठते, कारण फुलंच उरत नाहीत. हेलिकोनियाला केळीसारखे कंदातून पुन्हा कोंब फुटतात. पण कोंबाला फूल यायला वेळ लागतो, आणि या पाखराला तर रोज, दिवसभर खायला लागतं.